पहिल्या ऑगस्टचा घोट

११ ऑगस्ट

नऊ दिवसांची प्रार्थना काल संपली. बायका चिपा, म्हणजे चीजचे पाव, खाऊन, उरलेले पिशवीत घालून गेल्या. शेजारची पेर्ला जाताना माझा हात धरून म्हणाली, "देव ब्लासियाला क्षमा करेल, झुनिल्दा. फार सोसलं बिचारीनं."

क्षमा कसली? विचारलं नाही. कळलं. नवऱ्यानं, एलादियोनं, तिकडे ब्युनोस आयर्सला दुसरी बाई ठेवली म्हणून माझ्या बहिणीनं विष घेतलं, असं गावात चाललंय.

निमिया तिथेच खुर्च्या रचत होती. ब्लासियाची मुलगी, नऊ वर्षांची. तिनं ऐकलं असेल.

१२ ऑगस्ट

ऑफिसात गेले. जिल्ह्यातल्या मृत्यूंचे कागद माझ्याच टेबलावर येतात — बारा वर्षं. ब्लासियाचाही आला. डॉक्टरांनी कारण लिहिलंय, कीटकनाशक. पुढे तीन चौकोन: अपघात, स्वतःहून, माहीत नाही. एकावरही खूण नाही.

आमचे साहेब डॉन सिरिलो म्हणाले, घरच्यांना ठाऊक असतं, तू सांगशील ते धरू. पण अपघात म्हणालीस तर ते औषध तिच्या पोटात कसं गेलं, याचा जबाब पोलिसांत द्यावा लागेल. महिनाअखेरीला तक्ता राजधानीला जातो, त्याच्या आत.

कागद खणात ठेवला.

१३ ऑगस्ट

खणातच आहे.

१५ ऑगस्ट

सुट्टी. आई चर्चला गेलीय. कुठेतरी लिहायलाच हवं.

जुलैत मुंग्यांनी कसाव्याची पानं कातरून नेली. मी औषध आणलं. डबा गळत होता म्हणून उसाच्या दारूच्या रिकाम्या बाटलीत ओतलं. शेडमध्ये पाणी शिरत होतं, म्हणून बाटली स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवली. आईला सांगायचं राहिलं. राहिलं!

आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. वास तर केव्हाचा येत नाही. तिनं ती दारूच समजून त्यात सतापाची कडू पानं आणि लिंबू घातलं, दरवर्षीसारखं, आणि बाटली आपल्या खाटेखाली ठेवली. पहिल्या ऑगस्टला उपाशीपोटी घोट घेतला की महिना बाधत नाही. मी सहाच्या बसनं गेले होते, माझा घोट ऑफिसात होतो. आई जपमाळ झाल्यावर घेते. ब्लासियानं आधी घेतला, शेतावर जायचं होतं. कडू लागणारच, तोंड वाकडं करायचं नाही — लहानपणापासून शिकवलेलं. गटकन प्यायली.

हॉस्पिटलात मला म्हणाली, "ताई, सताप या वर्षी फार झाला." तिला शेवटपर्यंत कळलं नाही. आईलाही माहीत नाही. डॉक्टरांनी औषधाचं नाव सांगितलं तेव्हा ती नुसती भिंतीकडे बघत बसली होती. माहीत आहे ते फक्त मला.

अपघात लिहायचा तर आईला सांगायला हवं की बाटलीत सताप घालणारे हात तिचे. बहात्तर वर्षांची आहे. स्वतःहून लिहिलं तर ब्लासियावर खोटा आळ येतो.

१८ ऑगस्ट

निमियाच्या वेण्या घालत होते. म्हणाली, "मावशी, रोसियो म्हणते, मी त्रास द्यायचे म्हणून आई गेली."

"रोसियोला काय कळतं?"

"मग का गेली?"

वेणी सोडून पुन्हा घातली.

१९ ऑगस्ट

आज जुने तक्ते काढून बसले. अपघाती विषबाधा, स्त्रिया. वर्षाचा आकडा कधी चार, कधी सहा. 'माहीत नाही'चा रकाना दरवर्षी सगळ्यांत लांब. मीच बेरजा केल्यात, एकदाही थांबले नाही. त्या बायकांच्या घरी कुणाला तरी माहीत असणारच.

ठरलं. बाटलीही माझी आणि सतापही मीच घातला, असं सांगणार. आईचं नाव येणार नाही. नोकरी जाईल, पुढे काय होईल ते होईल. निमियाला तिची आई परत मिळेल — तेवढी तरी.

२१ ऑगस्ट

पोलीस चौकीत गेले. हवालदारानं मला बोलूच दिलं नाही, फाइल पुढे केली. आई चार तारखेलाच येऊन गेली होती. ब्लासियानं मुंग्यांचं औषध स्वतः मागून घेतलं, असा जबाब. खाली अंगठा.

घरी येऊन विचारलं. ती कसावा सोलत होती, सुरी थांबली नाही. "डॉक्टरांनी नाव घेतलं तेव्हाच कळलं. बाटली तू ठेवलीस, सताप मी घातला. ती तर गेलीच. तुला आत टाकलं तर पोरीला कोण बघणार, मी आंधळी? म्हणून गेलेलीचं नाव सांगितलं. पेर्लालाही मीच सांगितलं."

निमिया मागे दारात उभी होती. दप्तर अजून पाठीवर.