मृणालची शिस्त आणि माझी पद्धत

रविवार, १ जून १९८६

आजपासून रोजनिशी. आधीची मार्चमध्ये हरवली. वसुधाने रद्दीत घातली असणार. विचारलं तर नाही म्हणते. या घरात प्रत्येक जण नाहीच म्हणतो.

चेंबूरची खोली सोडून मुलुंडच्या ब्लॉकमध्ये आलो, महिना झाला, बोचकी अजून सुटलेली नाहीत. पंधरवड्यात मृणाल पाचवीत जाणार. हायस्कूल! चौथीपर्यंत एक बाई, एक वर्ग, सगळा लाडाचा कारभार. आता दर तासाला वेगळ्या बाई, प्रत्येक विषयाला वेगळी वही, सोबत शाळेचं कॅलेंडर, त्यात शेरे. आणि आमच्या कन्यारत्नाच्या कंपासमध्ये चिंचोके! डब्याचं झाकण गेल्या वर्षात दोनदा हरवलं. वसुधा म्हणते, लहान आहे, शिकेल हळूहळू. कधी? सासरी गेल्यावर?

मी रेकॉर्ड सेक्शनचा हेड. माझ्या हाताखाली कागद हरवत नाही. ऑफिसची पद्धत घरात आणली की पोरगी सरळ होईल. ठरलं. उद्यापासून.

चष्मा कुणी उचलला?

सोमवार, २ जून

चष्मा बाथरूममध्ये. तिथे कुणी ठेवला ते कुणी कबूल करत नाही. पद्धत उद्यापासून.

शनिवार, ७ जून

वसुधा चेंबूरच्या शाळेतून मृणालचा शाळा सोडल्याचा दाखला घेऊन आली. शाळेनेच खाकी पाकिटात घालून दिला होता. हा मूळ दाखला हायस्कूलमध्ये भरेपर्यंत प्रवेश कच्चा. वेटिंग लिस्टवर मुली टपून आहेत, असं तिथल्या क्लार्कने मुद्दाम ऐकवलंय. आणि बाईसाहेब असला कागद साड्यांच्या ट्रंकेत ठेवायला निघाल्या! माझं डोकंच फिरलं. ताबडतोब ताब्यात घेतला. टेबलावर, माझ्या डोळ्यांसमोर ठेवलाय. आता काळजी नाही.

रविवार, ८ जून

दिवसभर कव्हरं. बाजारात नुसता ब्राउन पेपर मिळतो, तो पावसाळ्यात टिकत नाही. माझी पद्धत: आतून ऑफिसची जुनी खाकी पाकिटं, वरून ब्राउन पेपर, मध्ये कणकेची खळ. ऑफिसात आम्ही आलेलं पाकीट फेकत नाही, पुन्हा वापरतो. या देशात इतकी अक्कल सगळ्यांना असती तर!

वसुधा म्हणाली, खळीत मोरचूद घाला, नाहीतर झुरळं लागतात. घरात विष कालवू? गप्प बसवलं तिला.

मृणाल एकेक पाकीट हातात देत होती. मध्येच म्हणाली, बाबा, हे रिकामं आहे का बघू? म्हटलं, चांभारचौकशा नकोत, पटापट दे. मुलांना कामाचा वेगच नाही. प्रश्न मात्र हजार.

सगळी पुस्तकं-वह्या एकसारख्या. वर एकसारखी लेबलं, तीही खळीने. भिंतीतल्या कपाटात ठेवून दार घट्ट लावलं. प्रकाश नको, धूळ नको. पुस्तक घेताना आणि ठेवताना मृणालने आवक-जावक वहीत नोंद करायची. काय देखणं दिसतंय कपाट! शेजारच्या मालनवहिनी बघायला आल्या. त्यांची शकु मृणालच्याच वर्गात जाणार. म्हणाल्या, झकास हा भावोजी, पण चेडवाक ह्यातला कळतला मा? म्हटलं, पोरीला कळेल. कळवू.

सोमवार, १६ जून

शाळेचा पहिला दिवस. संध्याकाळी मृणालने निरोप आणला, दाखला महिनाअखेरपर्यंत द्या. म्हटलं, उद्याच घेऊन जा.

टेबलावर नाही.

मंगळवार, १७ जून

नाही म्हणजे नाही. गाद्या उलट्या केल्या, बोचकी सोडली, तांदळाच्या डब्यातही हात घातला. मी जिथे ठेवला तिथे तो नाही. याचा अर्थ कुणीतरी उचलला. वसुधा टेबलाला हात लावत नाही, मीच तशी सक्त ताकीद दिलीय. मी हरवणं शक्य नाही. राहिलं कोण? आठ तारखेला माझ्याजवळ कोण लुडबुडत होतं?

मृणालला समोर उभं केलं. आठव म्हटलं. ती म्हणाली, बाबा, त्या दिवशी मी तुम्हाला विचारलं होतं ना... म्हटलं, उलट उत्तर नको! रडायला लागली. रडणं हा पुरावा नाही, पण सूचक आहे.

दाखला सापडेपर्यंत संध्याकाळी खाली खेळायला जायचं नाही. खिडकीतून शकु हाका मारत होती. खिडकी लावून घेतली.

रविवार, २२ जून

संताप, संताप! झुरळांनी लेबलं खाल्ली. अर्धीअधिक. कपाट उघडलं तर आत मेजवानी चाललेली. ही बिल्डिंगची घाण. सेक्रेटरीला जिन्यात गाठून झाडला. तो म्हणतो, सबनीस, बाकी कुणाच्या घरात झुरळं नाहीत. निर्लज्ज माणूस.

वसुधा काहीच बोलली नाही. ते न बोलणं मला चांगलं कळतं.

बुधवार, २५ जून

आज कपाट तपासलं. प्रत्येक पुस्तकाच्या पुठ्ठ्याला रंगीत दोरा! इतिहासाला लाल, गणिताला निळा, भूगोलाला हिरवा. म्हणे लेबलं गेली, पुस्तकं ओळखू येत नाहीत, म्हणून मृणालने आईच्या शिवणाच्या डब्यातून घेऊन बांधले. कुणाला विचारून? अशा ज्याच्या-त्याच्या पद्धती चालू द्यायच्या म्हटलं तर रेकॉर्ड सेक्शनची बजबजपुरी होईल. सगळे दोरे कात्रीने कापून टाकले. ती बघत उभी होती. रडली नाही या वेळी. सुधारणा आहे.

नवी लेबलं रविवारी करणार.

गुरुवार, २६ जून

कॅलेंडरमध्ये शेरा: ‘विद्यार्थिनीने गणिताऐवजी भूगोलाचे पुस्तक आणले.’ बघा! दोरे असतानाच सवय बिघडली. सही करायला पेन शोधत होतो, सापडेना. वसुधाला म्हटलं, ही मुलगी या घराची वाट लावणार. ती म्हणाली, अहो, जरा हळू, ती ऐकतेय. ऐकू दे! ऐकावं म्हणूनच बोलतोय.

सोमवार, ३० जून

दाखल्याची मुदत आज संपली. हायस्कूलमध्ये जाऊन मुख्याध्यापिकांना भेटलो. मृणालला मुद्दाम बरोबर नेलं, तिच्या कानांनी ऐकू दे म्हणून. सांगितलं, मुलगी अत्यंत धांदरट आहे, कागद हिने हरवला, घरात माझ्याशिवाय कुणाला शिस्त नाही. त्यांनी चष्म्यावरून मृणालकडे पाहिलं. ती फरशीकडे बघत होती. म्हणाल्या, शनिवारपर्यंत दाखला किंवा डुप्लिकेट आणा, नाहीतर नाव कमी करावं लागेल, माझा नाइलाज आहे.

माझ्या मुलीचं नाव कमी! आसपासच्या सगळ्या शाळा भरलेल्या. वर्ष फुकट. तळपायाची आग मस्तकात गेली.

गुरुवार, ३ जुलै

रजा टाकून मृणालला घेऊन चेंबूर. तिची जुनी शाळा. मुख्याध्यापिका जानकीबाई म्हणाल्या, डुप्लिकेट देते, पण मूळ दाखला कसा गहाळ झाला ते स्टँपपेपरवर लिहून द्या, पालकाची आणि विद्यार्थिनीची सही लागेल. आणि तेच कारण डुप्लिकेटवर लाल शाईने येईल. शाळेचा नियमच आहे. नियम मला आवडला.

कोपऱ्यातल्या टायपिस्टकडे मजकूर सांगितला: ‘सदर दाखला विद्यार्थिनीच्या निष्काळजीपणामुळे गहाळ झाला.’ एका वाक्यात सगळं. वीस वर्षांची नोकरी उगाच नाही केली.

सही करताना मृणाल थांबली. विचारलं, बाबा, मी खरंच हरवला का? मला काहीच आठवत नाही. म्हटलं, आठवण आणि रेकॉर्ड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रेकॉर्डवर काय आहे ते महत्त्वाचं. तिने सही केली. पूर्ण नाव, मृणालिनी श्यामसुंदर सबनीस. अक्षर बरं आहे.

जानकीबाई म्हणाल्या, नवल आहे, चौथीत आमच्या वर्गाचं वाचनालय हीच सांभाळायची. म्हटलं, तुमच्याकडे चालत असेल तसलं.

शनिवार, ५ जुलै

डुप्लिकेट हायस्कूलमध्ये दिला. प्रवेश पक्का! क्लार्कने लाल शेरा मोठ्याने वाचला, मग मृणालच्या नावाच्या फाइलमध्ये लावला. आता दहावीपर्यंत ती जिथे जाईल तिथे तो कागद जाणार. बरं झालं. कायमची आठवण राहील. रेकॉर्डवर आलं की आलं, ते कुणाच्या बापालाही खोडता येत नाही.

एवढ्या संकटातून घराला कुणी बाहेर काढलं? आभार मानायची पद्धतच नाही आमच्याकडे. श्रीखंड आणलं होतं. मृणालने नको म्हटलं.

खेळायची बंदी उठवली. गेली नाही. अभ्यास आहे म्हणाली. हा माझ्या शिस्तीचा परिणाम.

रविवार, १३ जुलै

दुपारी वामकुक्षी घेत होतो. मृणाल भूगोलाचं पुस्तक घेऊन आली आणि कॉटपाशी उभी राहिली. म्हटलं, काय आहे, आवक-जावकेत नोंद केलीस का? हो म्हणाली.

कव्हर सुटलेलं. झुरळांनी खळ खाल्लेली, कडेने पार पोखरून काढलेलं. ब्राउन पेपर वेगळा, खाकी पाकीट वेगळं. पाकिटाच्या आत अर्धवट चिकटलेला एक घडीचा कागद. शाळेचा शिक्का. जानकीबाईंची सही.

शाळा सोडल्याचा दाखला. मूळ.

आधी झुरळांचा राग आला. मग ऑफिसच्या पाकिटांचा. शाळेने तरी सगळ्या जगासारखं खाकी पाकीट का वापरावं? वर नाव घालायला काय धाड भरली होती? मोठ्याने तसं म्हणालोही. मृणाल उभीच. तिने आरडाओरडा केला असता तर मला काहीतरी बोलता आलं असतं.

वसुधा दारात. म्हणाली, अहो, तिने विचारलं होतं तुम्हाला. मी ओट्यापाशी होते, मी ऐकलंय. तेव्हाच बोलायला हवं होतं, मीच गप्प बसले. पण आता बास!

इतक्या वर्षांत हा आवाज ऐकला नव्हता. मालनवहिनींकडचा रेडिओ बंद झाला.

सोमवार, १४ जुलै

ऑफिसात लक्ष नाही. कुंडलिक शिपायावर ओरडलो, फाइल वेळेवर दिली नाही म्हणून. त्याने दिली होती. माझ्याच हातात होती.

संध्याकाळी हायस्कूल. क्लार्कला म्हटलं, मूळ दाखला सापडला, तो लाल शेऱ्याचा काढून टाका. तो म्हणाला, असं कसं काढणार साहेब, रेकॉर्ड आहे. पालकाने लेखी अर्ज द्यायचा, आधीचं कारण चूक होतं, खरं कारण अमुक. मग बाई ठरवतील. रेकॉर्डवाल्या माणसाला रेकॉर्ड शिकवतो! चिडलो, पण करतो काय. त्याचं बरोबर आहे. मीही हेच सांगितलं असतं.

बाहेर पोरी लंगडी खेळत होत्या. शकु होती. मृणाल कडेला बसून दप्तरं सांभाळत होती. सगळ्यांची. एका रांगेत.

मंगळवार, १५ जुलै

अर्ज लिहायला बसलो. पहिला मसुदा: ‘कीटकांच्या उपद्रवामुळे.’ खोडला. दुसरा: ‘पाकिटांच्या साधर्म्यामुळे झालेल्या गैरसमजातून.’ हा चांगला होता. वाचून बघितला. त्यात माणूसच नाही कुठे. फाडला.

मृणाल पलीकडे उद्याचं दप्तर भरत होती. पुस्तकांना पुन्हा दोरे. लाल, निळा, हिरवा. मी पाहिले आणि कात्री घेतली नाही. ती आपणहून आली, स्टँपपेपरच्या मजकुराची कार्बन कॉपी माझ्यासमोर ठेवली. तिने जपून ठेवली होती. म्हणाली, बाबा, नवीन कशाला लिहिताय? ‘विद्यार्थिनीच्या’ खोडून ‘वडिलांच्या’ करा. बाकी सगळं वाक्य बरोबर आहे.

चिडायला तोंड उघडलं. बंद केलं. एवढंसं तोंड तिचं, वाईट वाटलं होतं त्या पोरीला, महिनाभर वाटत होतं, आणि मी त्याला सुधारणा म्हणत होतो.

तसंच लिहिलं. ‘सदर दाखला वडिलांच्या निष्काळजीपणामुळे गहाळ झाला होता.’ सही करायला माझं पेन सापडेना. खिसा, टेबल, उशीखाली, कुठेच नाही. मृणालने कंपास उघडला. पेन, पेन्सिल, खोडरबर, ज्याच्या-त्याच्या जागी. चिंचोके वेगळ्या पुडीत. पेन दिलं.

सही केली, पेन परत केलं. तिने टोपण लावलंय का ते बघून घेतलं, आणि अर्ज उद्या शाळेत ती स्वतः नेणार म्हणाली. माझ्याकडे ठेवायला दिला नाही.