चौदाव्या प्रकरणात मेलेल्या थापाड्याबद्दल

चिरंजीव लेखकराव,

तुझ्या आईला एक आई आहे. ती मी. ओळख पटावी म्हणून सांगते, कारण मागच्या पत्राला तुझं उत्तर नाही, त्याच्या मागच्यालाही नाही, आणि माझ्या वाढदिवसाला तू जी शाल पाठवलीस तीच शाल मागच्या वर्षीही पाठवली होतीस, रंगसुद्धा तोच. आता दोन खांद्यांना दोन झाल्या. असो. आशीर्वाद घे, लागतील तेवढे काढून घे आणि उरलेले बायकोला दे, तुझ्याबरोबर राहायचं म्हणजे तिला जास्त लागतात. पोट कसं आहे? बसून लिहिणाऱ्यांचं आधी पोट बिघडतं आणि मग पुस्तक. माझं म्हणशील तर गुडघे सोडून सगळं जागच्या जागी आहे. डोळ्यांना सुई दिसते, सुईचं भोक दिसत नाही, एवढंच.

हे पत्र तुझी मामेबहीण लिहून घेते आहे. मला अक्षरं येत नाहीत. लहानपणी त्यांची-माझी कुणी ओळख करून दिली नाही, आणि या वयात नव्या ओळखी वाढवून काय करायचंय? ही पाणीपट्टीच्या कचेरीत कारकून आहे, त्यामुळे हिचं अक्षर ठळक आणि मन कोरडं. मी सांगीन ते तसंच्या तसं उतरव म्हणून बजावलं आहे. (आत्ता ती हसली. हसलीस हेही लिही. लिहिलं.)

तर तुझी कादंबरी पोचली आणि त्या कादंबरीपायी माझी खुर्ची जायची वेळ आली आहे. कसं ते नीट सांगते, कारण तुला माझ्या कामाबद्दल काडीची माहिती नाही. ‘आमची आजी अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही शर्टांच्या कारखान्यात बटणं लावते’ असं तू चार लोकांत मिरवतोस म्हणे. यातलं कारखान्यात जाते एवढंच खरं. बटण मी गेल्या चार वर्षांत एकही लावलेलं नाही. आमची बटणांची खोली तिसऱ्या मजल्यावर, मागच्या अंगाला. आम्ही सात जणी. दुपारी जेवणं झाली की हात आपोआप चालतो, वर-खाली, वर-खाली, चार भोकं, गाठ, तोड. आणि हात आपोआप चालला की डोळा आपोआप मिटतो. एकदा एकीने झोपेत शर्टाचं बटण स्वतःच्या पदराला लावलं आणि दोन्ही घालून बाहेर पडली. तेव्हापासूनची रीत आहे की दुपारी एकीने गोष्ट सांगायची, आणि तिच्या वाटचे शर्ट बाकीच्या सहा जणींनी वाटून घ्यायचे. सांगणारीला खिडकीजवळची पाठीची खुर्ची. बाकीच्यांना बाकडं. मालकाला हे ठाऊक नाही. मुकादमीणबाईंना ठाऊक आहे, पण त्याही ऐकत असतात, म्हणून गप्प असतात. डोळे गेल्यावर मला तिथे ठेवून घेतलंय ते या जिभेसाठी. ती खुर्ची गेली तर मी दिवसभर घरात बसून तुझ्या मामीला सल्ले देईन, आणि मग त्या घरात कोण उरेल ते तूच सांग.

या वर्षी गोष्टीला तुझंच पुस्तक घेतलं. (घरचा माल, म्हणून. तसं पाहिलं तर तुझ्या मागच्या पुस्तकात एक माणूस चाळीस पानं खिडकीतून बाहेर बघत होता, ते मी सांगायला घेतलं असतं तर सगळ्या जणी पदरांना बटणं लावून बसल्या असत्या.) सकाळी ही कचेरीत जायच्या आधी मला एक प्रकरण वाचून दाखवायची. ते डोक्यात घ्यायचं, कारखाना गाठायचा, तीन जिने चढायचे. आता एवढं भरलेलं भांडं घेऊन तीन जिने चढताना थोडं सांडणारच, आणि सांडलेलं वाटेत थोडं भरून घ्यावं लागणारच. एवढं कुणालाही कळेल.

तुझा तो नायक माझा फार लाडका. गावात येतो, खानावळवालीच्या दारात उभा राहतो आणि डोळ्याची पापणी न लववता सांगतो की मी पूल बांधणारा इंजिनियर. आणि असतो कोण, तर सर्कशीत तिकिटं फाडणारा! वा! पहिली दोन प्रकरणं आमच्या खोलीत शर्टांचा ढीग नुसता वितळत होता. आमच्यात एक उसासेबाई आहेत, त्या आनंदाच्या जागीही उसासाच टाकतात, पण त्यांनी नायकाचं नाव ‘थापाड्या’ ठेवलं आणि रोज आल्या आल्या ‘थापाड्याचं बरं आहे ना?’ असं विचारू लागल्या. सख्ख्या जावयाबद्दल त्यांनी कधी विचारलं नाही.

आणि मग तू काय केलंस? त्याला घाम फोडलास. खोटं बोलताना त्याचे हात कापतात, कंठ सुकतो, नजर जमिनीला लागते. बाळा, खोटं बोलताना कुणाचे हात कापतात? हात कापतात ते खरं बोलणाऱ्याचे. तुझ्या आजोबांनी ‘काचेचा जग माझ्या हातून फुटला’ हे खरं सांगितलं तेव्हा ते त त प प करत होते, आणि ‘मी तडक घरी आलो, कुठे थांबलो नाही’ हे सांगताना देवघरातल्या समईसारखे स्थिर. चाळीस वर्षं हे मी जवळून पाहिलं आहे. तुझ्या मामाचंही तेच. तुझं तर विचारूच नकोस. ‘आजी, पुस्तक तुला आवडेल’ म्हणालास तेव्हा किती शांत होतास!

पुढे तर कहरच. नवव्या प्रकरणात तो गावातल्या एका रडक्या कारकुनाच्या हाती सापडतो. चौदाव्यात सतरा पानं पश्चात्ताप करतो, घरोघर जाऊन पाया पडतो, थंडीत कुडकुडतो आणि मरतो. खोट्याच्या कपाळी गोटा! अरे, ही म्हण ज्याने काढली तो स्वतः पकडला गेलेला असणार. न पकडले गेलेले कशाला म्हणी काढत बसतील? आणि बाकीचे लोक तरी तू कुठे खरे लिहिलेस? खानावळवाली रश्श्यात पाणी घालते आणि ‘आजच दाट झालाय’ म्हणते, ते कुणी खोटं धरत नाही. कारकून बायकोला म्हणतो मी तुझ्यासाठी रात्रंदिवस राबतो, आणि दुपारी टेबलावर डोकं टेकून घोरतो, तेही चालतं. पुस्तकभर झाडून सगळे थापा मारतात आणि मरतो कोण, तर ज्याची थाप सगळ्यांत देखणी तो! हे मला पटलं नाही. उसासेबाईंचं सगळं रक्तदाब मोजून मोजून चाललंय, त्यांना मी हे सांगणार होते होय?

म्हणून नवव्या प्रकरणाच्या दिवशी दुसऱ्या जिन्यावर दम खायला थांबले आणि तिथे थोडा बदल केला. थोडाच. गावकरी थापाड्याला म्हणाले, इंजिनियर आहेस ना, मग आमच्या ओढ्यावर पूल बांध. आता आली का पंचाईत? पळून जावं तर खानावळवालीकडे ट्रंक अडकलेली. मग त्याने गावच्या म्हाताऱ्या सुताराला विचारलं, तुम्ही कसा बांधला असता हो? तो सांगत गेला, हा मान हलवत गेला, ‘मीही नेमकं हेच म्हणणार होतो’ म्हणत गेला. पाया भरला. खांब उभे राहिले. खोलीत अशी तंद्री लागली की मुकादमीणबाई दारात उभ्या राहून ऐकायच्या आणि कुणी वर आलं की आपणच आमच्यावर ओरडून घ्यायच्या.

तीन आठवडे पूल चालला. मग घात झाला तो आमच्या चष्मेवालीकडून. ही नवी. मॅट्रिकपर्यंत शिकलेली, आणि सुट्टीच्या दिवशी धीर न निघणारी. वाचनालयातून तिने तुझं पुस्तक आणलं, एका बैठकीत संपवलं आणि दुसऱ्या दिवशी, मी पुलाला कठडे लावत होते तेव्हा, हातातली सुई खाली ठेवून म्हणाली, “आजी, तो मेलाय.”

“कोण?”

“थापाड्या. चौदाव्या प्रकरणात. तुम्ही मेलेल्या माणसाकडून पूल बांधून घेताय.”

बाकीच्या पाचही सुया बटणाच्या भोकातच थांबल्या. उसासेबाईंनासुद्धा उसासा सापडला नाही. मुकादमीणबाई पुढे झाल्या. गोष्ट खोटी असेल, त्या म्हणाल्या, तर सहा जणींनी आजीचे शर्ट का लावायचे? मी म्हटलं, अहो, गोष्ट म्हटल्यावर ती खोटीच असते, माझ्या नातवाने तरी तो माणूस कुठे पाहिलाय? त्यावर त्या म्हणाल्या, “ते खोटं छापलेलं आहे, आजी. तुमचं बिनछापी.” निवाडा असा झाला की येत्या सोमवारपासून चष्मेवालीने पुस्तक हातात धरून वाचायचं, खुर्ची तिची, आणि मी बाकड्यावर सुया ओवायला बसायचं. मला. सुया ओवायला!

तेव्हा उचलली जीभ लावली टाळ्याला. मी म्हटलं, नातवाने पहिल्यांदा लिहिलं ते मी सांगते तसंच होतं. पूल बांधून झाला होता. छापणाऱ्याने पानं वाचवायला माणूस मारला. मला नातवाने स्वतः, या इथे, हात हातात घेऊन सांगितलंय. (हात कापला नाही. शिकून घे.) चष्मेवाली म्हणाली, मग त्यांच्या हातचं तसं पत्र आणा. शनिवारपर्यंत मुदत दिली.

तर असं आहे. मी तुझ्याकडे काही मागत नाही. तू लेखक आहेस, तुझी तत्त्वं असतील. कुठे ठेवली आहेस ते आठवलं की त्यांना विचार, आणि मनाला पटेल ते कर. आजीच्या खुर्चीसाठी खोटं लिही असं मी कधी म्हणणार नाही. तब्येतीला जप. पायात मोजे घालत जा.

तुझी, तुझ्या आईची आई

ता.क. तत्त्वांना विचारत बसू नकोस, उशीर झाला आहे. तुझं पत्र बुधवारीच आलं. म्हणजे मंगळवारी जेवणं झाल्यावर तुझ्या मामेबहिणीने लिहिलं. पुस्तकाच्या पहिल्या पानावर तू केलेली सही समोर ठेवून तिने कचेरीच्या रद्दी कागदांवर नऊ वेळा गिरवली. दहावी तुझ्यापेक्षा बरी आली. मन कोरडं म्हटलं ते मागे घेते. पत्रात तू छापणाऱ्याला चांगलंच फैलावर घेतलं आहेस, आणि ‘पूल कसा बांधतात ते मला आजीनेच शिकवलं’ असं एक वाक्य आहे, त्यावर उसासेबाई रडल्या. कुणी विचारलंच तर ते वाक्य तुझं आहे.

ता.क. दुसरा. खुर्ची राहिली. चष्मेवालीने मात्र पत्र खिडकीशी नेऊन दोनदा वाचलं आणि घडी करून मला परत दिलं. सुटल्यावर नळाशी गाठून हळूच म्हणाली, “आजी, घरचं पत्र पाकिटावर शिक्का नसताना कसं हो येतं?” मी काही बोलणार तोच ती म्हणाली, “जाऊ दे. मला एवढंच सांगा, ट्रंक त्याला परत मिळते का?” मी म्हटलं, शुक्रवारी कळेल. तिने शुक्रवारी माझ्या वाटचे दोन शर्ट जास्त लावले. तेव्हा तुला सांगून ठेवते, थापाड्या आता पुलावरून पलीकडे गेला आहे आणि पलीकडच्या गावात त्याने आपण दातांचे डॉक्टर असल्याचं सांगितलं आहे. पुढच्या पुस्तकात याच्याशी जुळेल असं लिही. त्याला मारलंस तर गाठ माझ्याशी आहे.

ता.क. तिसरा आणि खरा. थाप नुसती टिकत नाही, तिला हातात धरता येईल असं काहीतरी खरं बांधावं लागतं. मुकादमीणबाईंचा चेहरा अजून पुरता सैलावलेला नव्हता, म्हणून पत्राच्या शेवटी तू असं लिहून बसला आहेस की ‘माझी गोष्ट इतक्या प्रेमाने ऐकणाऱ्या बटणांच्या खोलीतल्या सर्वांसाठी आल्याच्या बिस्किटांचे दोन डबे वेगळे पाठवत आहे.’ ते वाचल्यावर कुठे त्या हसल्या. तेव्हा हे पत्र मिळताच दुकान गाठ. मोठे डबे घे, वरून घट्ट दोरी बांध आणि पत्ता कारखान्याचा घाल, घरचा घातलास तर तुझा मामा वाटेतच संपवील. आणि बिस्किटं मऊ बघून घे, मुकादमीणबाईंचे पुढचे चारही दात खोटे आहेत.