कशेडीच्या वळणाचं माप

मी, सुधीर महादू उतेकर, वय त्रेसष्ट, राहणार बिरवाडी, मूळ गाव कापडे, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर राहून, कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहितो. गुडघे सोडले तर तब्येत ठीक आहे.

१. बिरवाडीचं घर, बँकेतली ठेव आणि कापड्याच्या भातशेतीतला माझा हिस्सा मुलगी पूनम हिला. यात कोणी नाक खुपसू नये.

२. हत्यारांची पेटी कारखान्यातला जोडीदार रितेश याला. त्यातला मल्टिमीटर त्याच्याकडेच आहे. आता परत करायची चिंता नको.

३. धाकटा भाऊ प्रवीण माळ्यावरच्या खेळण्यातल्या मोटारींच्या ट्रॅकला पोरखेळ म्हणायचा आणि माझ्या बायकोकडून, चंद्रभागेकडून, दरवेळी हरायचा. फळीच्या खाचेतून धावणाऱ्या त्या छोट्या मोटारींपैकी लाल त्याला. ज्या वळणाला आम्ही घाटावरून 'कशेडी' म्हणतो तिथे ती पालथी होते, त्याच्या हातात तर हमखास.

४. चंद्रभागेचा हातातला कंट्रोलर पूनमला. त्यावर दोन डायली: घोडा दाबल्यावर गाडी किती चटकन उचल घेते त्याची एक, ब्रेकची दुसरी. "गुळगुळीत हायत ओ, बोट घसरतंय. आकड्यांच्या बसवा ना," असं ती वर्षभर सांगत होती. मी उद्या-उद्या करत राहिलो. ती गेल्यावर बसवल्या.

पूनम, तू बजावलं होतंस, "बाबा, आईनं लावलंय ते हलवू नका हां." मी फोनवर म्हणालो, हलवलं नाही. खोटं बोललो. कारखान्यात तीस वर्षं मीटर दुरुस्त केले, पण आधीचं माप वहीत लिहिल्याशिवाय कधी पेचकस उचलला नाही. हिच्या वेळेला विसरलो. जुन्या डायली काढल्या आणि तिचं माप गेलं.

नव्या डायली टकटक फिरतात, छान आहेत. पण तिची निळी गाडी कशेडीला शेपूट किंचित हलवून निघायची, तशी माझ्या हातून निघत नाही. माझं बोट जड. तुझं तिच्यासारखं, वळणाआधीच सुटतं.

"पूनमने येऊन माप शोधावं, तरच कंट्रोलर तिचा," अशी अट इथे घातली होती. ती खोडून बाजूला सही केली आहे. मला चंद्रभागेची फार आठवण येते, आणि तुझी.

मृत्युपत्र माणूस गेल्यावर वाचतात, हे मला कळतं. तरी याची प्रत आजच तुला टपालाने पाठवतो. वहीत 'आधी'चा रकाना तुझ्यासाठी कोरा ठेवला आहे. निळी गाडी पुसून ठेवली आहे.

सही: सुधीर महादू उतेकर

आमच्यासमोर सही केली:
मालोजी सोनबा साळुंखे
ठकूबाई चांगू मोरे (शेजारी)

बिरवाडी, ता. महाड, ९ डिसेंबर २०२४