समोरच्यासारखीच हुबेहूब

२५ सप्टेंबर
घोडेगावचा बाजार. समोरच्या जीशानच्या दुकानात पुन्हा गर्दी. रोटाव्हेटर तेच, पेरणीयंत्र तेच, भावही तोच. माझं दुकान जुनं, त्याचं कालचं. म्हणे वेबसाईट बघून येतात. मला जळफळाट वगैरे होत नाही. जेवण गेलं नाही ते ॲसिडिटीमुळे.

२७ सप्टेंबर
बघितली त्याची वेबसाईट. वर फोन नंबर, खाली अवजाराचा फोटो, किंमत, कोणत्या ट्रॅक्टरला चालतं ते. संपलं. याला काय डोकं लागतं? परत बघितली. जेवतानाही बघितली. सौ. म्हणाली, एवढं बघताय तर एक घेऊनच या त्याच्याकडून.

२९ सप्टेंबर
नगरहून राजेश्वरी मॅडम आल्या. वेबसाईट करून देतात. सांगितलं, समोरच्यासारखीच पाहिजे. हुबेहूब, काना-मात्राही हलवू नका. फक्त वर ‘हनुमंत ॲग्रो’, माझा फेट्यातला मोठा फोटो, पळता ट्रॅक्टर आणि सनई. मॅडम म्हणाल्या, शेतकरी बांधावरून बघतो, रेंज नसते, साईट हलकी ठेवू. शहरातल्या बाईला बांध काय माहीत.

५ ऑक्टोबर
मॅडमनी तपासायला पाठवली. सगळं नीट बघून कळवा म्हणाल्या. बघितलं. फेटा किंचित तिरका. बाकी ओके कळवलं.

९ ऑक्टोबर
दोन गिऱ्हाइकं आली. कुठून, तर जीशानच्या पायऱ्या उतरून, रस्ता ओलांडून थेट माझ्याकडे. एकजण म्हणाला, फोटोत तरुण दिसता. गावाकडची माणसं, बोलतात.

१३ ऑक्टोबर
आज तर रीघ. सगळे त्याच्याच दुकानातून बाहेर पडून. जीशान दारात उभा राहून हातवारे करत होता, बहुतेक विनवत असावा. वाईट वाटलं. खरं म्हणजे नाही वाटलं. घरी बासुंदी करायला सांगितली.
फोन मात्र वाजत नाही. फोटो बघून लोकांना प्रत्यक्षच भेटावंसं वाटत असणार.

१६ ऑक्टोबर
जीशान आला. मनात म्हटलं, आला शरण. चहा मागवला. तो म्हणाला, “काका, तुमच्या साईटवर नंबर माझा हाय. लोक मला फोन करून माझ्याकडंच येत्यात. फेटेवाल्या शेठचं दुकान हेच का इचारलं की मी तुमच्याकडं धाडतो. पण आता पेरणीचा सीझन हाय, माझी कामं खोळंबली. तेवढा नंबर बदलून घ्या.”
मॅडमना झापायला फोन केला. हुबेहूब तुम्हीच म्हणालात, ओकेही तुम्हीच कळवलंत, म्हणाल्या. बाईंना उत्तरं फार.
त्याच्या जागी मी असतो तर गिऱ्हाईक परत धाडलं असतं का? हा प्रश्न इथे लिहायची गरज नव्हती.
बासुंदी नासली.

१८ ऑक्टोबर
नंबर बदलला. आता खरा धंदा. सकाळपासून फोन पुढ्यात घेऊन बसलो. दुपारी वाजला. आवाज जड करून म्हटलं, हनुमंत ॲग्रो, बोला.
जीशान होता. म्हणाला, “काय न्हाई काका, लागतो का बघत हुतो.”
त्यानंतर नाही वाजला.