किल्ली वरचीला, दोर खालच्याला

हे वाचणाऱ्याने आधी आपला चष्मा शोधावा. लेका, तुलाच म्हणतेय. कपाळावर आहे. मागच्या वेळी सगळ्या घराला उशा उलटायला लावल्यास, तेव्हाही तिथेच होता. सापडला? मग मोठ्याने वाच, आणि अडचणीची जागा आली की खोकू नकोस.

मी, चर्चच्या मनोऱ्यावरच्या घड्याळाला किल्ली देणारी, आधी घड्याळवाल्याची बायको आणि त्याच्या मागे स्वतःच घड्याळवाली, हे मृत्युपत्र सांगून लिहून घेते. माझं डोकं जागेवर आहे. गुडघे नाहीत, पण वकील म्हणाले, कायद्याला गुडघे लागत नाहीत. माझ्यावर कोणाचंही दडपण नाही. दडपण आणायला माणसाला माझ्यासमोर बसून बोलायला मिळावं लागतं, ते अजून कोणाला मिळालेलं नाही. मला अक्षर येत नाही, म्हणून नात लिहिते आहे. ती माझे दोन-चार शब्द गाळते असा मला संशय आहे.

कलम पहिले. राहतं घर मुलगा आणि सून यांना समान हक्काने मिळावं. मुलगा विमा विकतो. या घराचा त्याने आगीचा, पुराचा, चोरीचा विमा काढला आहे, आणि माझा पडण्याचा. मी एकदाही पडले नाही, हप्ते वाया गेले, त्याबद्दल मी दिलगीर आहे. दाराला त्याने तीन कड्या आणि वर एक साखळी बसवली. संध्याकाळच्या प्रार्थनेत ‘प्रभू, तूच आमचा राखणदार’ असं डोळे मिटून म्हणतो, आणि आमेनच्या आधी एक डोळा उघडून कडी बघतो. राखणदार कामावर ठेवून वर स्वतःच पहारा देणारा मालक मी दुसरा पाहिला नाही. साखळी तरी काढावी ही विनंती. हट्ट नाही.

कलम दुसरे. भांडी सुनेला, मोठ्या पातेल्यासकट. सूनबाई, गॅस बंद आहे. हे वाचून होईपर्यंतही बंदच असेल. बस खाली.

कलम तिसरे. माझी दोन पायऱ्यांची लाकडी घोडी फादरांना द्यावी. फादर विश्वासावर सुंदर बोलतात. मनोऱ्याला मात्र दर वर्षी रस्त्यातूनच आशीर्वाद देतात. पवित्र पाणी वर उडवतात आणि ते त्यांच्याच टकलावर पडतं. घोडीवर सराव करावा. खाली गादी घातली तरी प्रभूची हरकत नसेल.

कलम चौथे. दिराला काहीही देऊ नये. कारण पुढे येतंय.

कलम पाचवे, आणि याच्यासाठीच हा सगळा खटाटोप. माझे गुडघे गेल्यापासून घड्याळ बंद आहे. चर्चच्या कमिटीने ठरवलंय की माझ्या मागे चढणारं कोणी नसेल, तर घड्याळ उतरवून भोक विटांनी बुजवायचं. चढणारं माणूस आहे. तर लोखंडी किल्ली, तेलाची बुधली आणि कंबरेचा पट्टा मी माझ्या नातीला देते.

लिही. थांबलीस का?

“आजी, मला भीती वाटते गं.”

हेही लिही. भीती वाटते म्हणूनच तुला. कमिटीने व्यायामशाळेतला तो दांडगा शोधून आणला होता. म्हणाला, “आजी, भीती काय असते ते मला माहीतच नाही.” मी म्हटलं, “मग घरी जा बाबा.” भीती माहीत नसलेला माणूस दोराची गाठ तपासत नाही, आणि प्रार्थनाही करत नाही. त्याला किल्ली कदापि देऊ नये.

मनोऱ्याचा नियम असा, की एकट्याने चढायचं नाही. चढणाऱ्याच्या कंबरेचा दोर वरच्या तुळईच्या चाकावरून खाली येतो आणि खालचा माणूस तो धरून उभा राहतो. नवरा तापाने गेला, आणि घरात खायला हवं म्हणून मी पट्टा बांधला. मला तर खुर्चीवर उभं राहिलं तरी गरगरायचं. दोर धरायला दीर होता. दुसऱ्या शिडीच्या मध्यावर मी खाली पाहिलं. दोर जमिनीवर, आणि भावोजी दाराबाहेर कोणाशी तरी क्रिकेटवर बोलतायत. पायरीला मिठी मारून मी मनातल्या मनात म्हटलं, “प्रभू, मला खाली बघवत नाही, ते तू बघ. मी फक्त पुढची पायरी बघते.” आमच्यात ही वाटणी ठरली, ती आजतागायत मोडली नाही. कागद नाही, साक्षीदार नाही, तरी वकिलांनी ती ग्राह्य धरावी. भीती गेली नाही, हं. ती रोज माझ्याबरोबर चढायची. फक्त पुढे कोण चालणार ते ठरलं होतं.

त्या दिवशी घड्याळ लावलं तेही उलटं. तबकडी आतून उलटी दिसते हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. सकाळच्या नऊला बाहेर तीन वाजले आणि मास्तरांनी शाळा सोडून दिली. पोरी, हे तेवढं लक्षात ठेव. पोरं तुला दुवा देतील, मास्तर नाही.

कलम सहावे. दोर मी मुलाला देते.

लेका, खोकू नकोस सांगितलं होतं. दिरानंतर दोर तूच धरलास, आणि कधीही सोडला नाहीस. उलट इतका ओढून धरायचास, की “अरे ढिला सोड, मला हलता येईना!” असं वरून ओरडावं लागायचं. वर चढणाऱ्यापेक्षा खालच्याला जास्त भीती वाटते, हे मला ठाऊक आहे. तुला वाटलं, आई पडत नाही ती माझ्या हातांमुळे. मग तू जगभर दोर धरत सुटलास. कड्या काय, साखळ्या काय, हप्ते काय. बाळा, मी तुला दोर दिला होता. प्रभूचं काम दिलं नव्हतं.

परवा जेवताना तुझी लेक म्हणाली, “बाबा, मी चढू?”

“अजिबात नाही.”

“आजी चढायचीच की.”

“आजीची गोष्ट वेगळी. ती कोणाचं ऐकायची नाही.”

“आणि दोर कोणी धरायचा?” मी विचारलं, तर तू ताट तसंच टाकून कडी बघायला गेलास.

तर दोर तू धरायचा. नाही धरलास, तर नियमाप्रमाणे तिला चढता येणार नाही आणि घड्याळाच्या जागी विटा येतील. वर ती, खाली तू. मधलं ज्याचं त्याला बघू दे.

अंगठा: माझा, डाव्या हाताचा. तेल लागलेलं आहे, ते निघत नाही.
साक्षीदार: कोपऱ्यावरचा बेकरीवाला, त्याची सही वाचता येत नाही असं वकील म्हणतात. शेजारची शिंपीण, सही करताना रडली. कागद ओला झालाय तो त्यामुळे.
ठिकाण: माझं स्वयंपाकघर, मनोरा दिसतो ती खिडकी.
तारीख: फादरांनी निर्भयतेवर प्रवचन दिलं आणि झुरळ दिसताच आवरतं घेतलं, तो रविवार. आकडा नात घालेल.

अंगठ्यानंतर सुचलेलं, तेही धरावं: नात पहिल्यांदा चढेल त्या दिवशी जेवण वर पाठवा. बेकरीवाल्याने ताजा पाव द्यावा, सुनेने अंडी उकडावीत. डबा दोराने ओढायचा नाही. तिने वर पोचून दोर खाली सोडावा, लेकाने तो स्वतःच्या कंबरेला बांधावा, आणि या वेळी तिने वरून धरावा. डबा तोच घेऊन जाईल. दोघांपुरता भरा. अंडी सोलून द्या. त्याचे हात थरथरत असतील.