सहा एप्रनांची शिकवणी

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. (तीर्थरूप लिहायचं की तीर्थस्वरूप, हे या वेळी दोघांना विचारून घेतलं आहे, तेव्हा पहिल्याच ओळीवर अडू नकोस.) तुझी तब्येत ठीक असेल. भाऊजींची पाठ काय म्हणते? चार वर्षं पत्र नाही, फोन नाही, आणि आज एकदम हा जाडजूड लिफाफा पाहून कुणी गेलं की काय असं तुला वाटेल. कुणी गेलेलं नाही. फक्त माझी अब्रू जायच्या बेतात आहे, आणि तिच्याबरोबर आमच्या इस्त्रीवाल्या मावशींची खुर्चीही जाईल अशी भीती आहे.

मुलीच्या लग्नाची इंग्रजी पत्रिका तू लाल शाईने तपासून परत पाठवलीस (सतरा चुका, आणि खाली 'अक्षर सुधारा', पत्रिका छापील असून), तेव्हापासून मी बोलणं टाकलं. तू लग्नाला आलीस, मुलीच्या डोक्यावरून हात फिरवलास आणि जेवून निघून गेलीस. मी दारापर्यंतसुद्धा आलो नाही. हे प्रकरण या पत्रात काढायचं नाही असं ठरवून बसलो होतो, पण हात वळला. असो.

आमची लाँड्री हॉटेलच्या तळघरात आहे हे तुला माहीत आहेच. वर दोनशे खोल्या, खाली आम्ही सहा जण, मी सातवा, मुकादम. खिडकी एकही नाही. वर पहिल्या मजल्यावर पाहुण्यांचे कपडे घ्यायचा-द्यायचा काउंटर आहे, तिथे मात्र खिडकी आहे आणि मुख्य म्हणजे खुर्ची आहे. तिथल्या बाई या महिन्याच्या सुरुवातीला निवृत्त झाल्या. इस्त्रीवाल्या मावशी एकतीस वर्षं उभ्याने इस्त्री करतायत. त्यांचे गुडघे आता असे वाजतात की यंत्र बंद असलं तर खोलीभर ऐकू येतात. ती खुर्ची त्यांना मिळावी असं आम्हां सगळ्यांना वाटतं. पण मोठे साहेब म्हणाले, वर बसायचं तर इंग्रजी हवं. महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी सगळ्यांची परीक्षा घेतो, प्रत्येकाने एक वाक्य बोलायचं, ज्याचं बरं असेल तो वर. आणि इथे मी उचलली जीभ, लावली टाळ्याला. मी म्हणालो, साहेब, काळजी सोडा, माझी सख्खी बहीण तीस वर्षं इंग्रजी शिकवत होती, मी शिकवतो. (तू शिकवायला बसलीस की मी मागच्या खिडकीतून उडी मारून पळायचो, ही माहिती मी त्यांना दिली नाही.)

घरी येऊन मुलीचं जुनं व्याकरणाचं पुस्तक काढलं. सुरुवातीची पानं उंदरांनी खाल्लेली, त्यामुळे जिथून पुस्तक शाबूत होतं तिथून शिकवायचं ठरवलं. तिथे नेमकी ही साहाय्यक क्रियापदं, मस्ट, मे, कॅन वगैरे. ताई, हा काय प्रकार आहे? ही स्वतः काडीचं काम करत नाहीत. धुणं धुवायचं दुसऱ्या क्रियापदाने, आणि हे शेजारी हात बांधून उभं राहून सांगणार, धुवायलाच हवं, धुतलंस तरी चालेल, धुवू शकशील. असे लोक आपल्या नात्यात चिकार आहेत, पण त्यांना व्याकरणात कुणी नेमलं? आणि पुढे निमसाहाय्यक म्हणून आणखी चौघं. त्यातली नीड आणि डेअर तर कधी मदतनीस म्हणून येतात आणि कधी स्वतःच घरधनी होऊन बसतात. तुझ्या भावजयीला समजावून सांगायला गेलो तर ती म्हणाली, अगदी घरजावयासारखं आहे. तेवढंच मला नीट कळलं.

एकेकाला सगळी पाठ होणं शक्य नव्हतं. मग आमच्या धंद्यातलीच युक्ती केली. आमच्याकडे प्रत्येक कपड्याला कापडी पट्टी टाचतात, तिच्यावरची शाई धुऊन जात नाही. मी सहा पट्ट्यांवर सहा क्रियापदं लिहिली, अर्थासकट, आणि प्रत्येकाच्या एप्रनवर एकेक टाचली. तुझं तेवढं तू सांभाळ, बाकीच्यांकडे बघू नकोस. आठ दिवसांत काय झालं ऐक. नीड नॉट मिळालं आमच्या वाफेच्या प्रेसवाल्याला, जो आधीच कामाला जड. तो आता पट्टीवर बोट ठेवून बसून राहतो, करायची गरज नाही असं लेखी मिळालंय म्हणतो. ड्रायक्लीनवाला अकरा वर्षांत चार शब्द बोलला असेल. त्याला मिळालं डेअर, म्हणजे धजणे. तो तडक वर गेला आणि साहेबांकडून तळघरासाठी पंखा मागून आला. पंखा आला, बरं का. सर्वांत म्हातारा धुलाईवाला यूज्ड टू, म्हणजे पूर्वी करत असे, ते घेऊन बसला, आणि पूर्वी साबण कसा असायचा, पूर्वी माणसं कशी असायची हे जेवणाच्या सुट्टीपर्यंत चालतं. मस्ट आणि मे या दोघी घडी घालणाऱ्या बहिणी, त्या बोलेनाशाच झाल्यात, कारण मस्टवाल्या थोरलीला वाटतं हुकूम तिचाच चालणार.

राहिल्या मावशी. त्यांना ऑट टू आलं, म्हणजे करायला हवं, मनाला विचारून. ते त्यांनी असं काही अंगाला लावून घेतलं की विचारू नकोस. प्रत्येकाला, तुम्ही ऑट टू वेळेवर जेवा, तुम्ही ऑट टू डॉक्टरला दाखवा. मला विचारलं, दादा, तुमची ती शिकलेली बहीण शेवटची कधी आली होती? मी म्हटलं, यंत्राच्या आवाजात ऐकू येत नाही. त्यांनी यंत्र बंद केलं आणि पुन्हा विचारलं. मग सांगावंच लागलं. त्या म्हणाल्या, चुका होत्या की नव्हत्या? मी म्हटलं, होत्या, सतराच्या सतरा. मग दादा, तुम्ही ऑट टू लिहा. म्हणून हे पत्र. तू फक्त एवढं कर, उलट टपाली या क्रियापदांचे नियम एका कागदावर लिहून पाठव. मावशींचे गुडघे तुझ्या हातात आहेत.

तुझा धाकटा,
ठोंब्या

ता. क. हे पत्र गेल्या आठवड्यात बुधवारी लिहिलं आणि टाकायचा धीर होईना म्हणून दहा दिवस खिशातच राहिलं. दरम्यान परीक्षा झाली. महिन्याचा शेवटचा गुरुवार हा आमचे स्वतःचे एप्रन धुवायचा दिवस असतो, हे मी मुकादम असून विसरलो. सगळे एकाच मापाचे. शुक्रवारी घाईत ज्याने जो उचलला तो घातला, आणि साहेब दारात उभे असताना कळलं की सगळ्यांची क्रियापदं बदललीत. प्रेसवाल्याच्या छातीवर मस्ट. तो 'आय मस्ट वर्क' म्हणाला आणि धक्क्याने खालीच बसला. ड्रायक्लीनवाल्याकडे धुलाईवाल्याचं आलं होतं. त्याने बराच वेळ विचार करून म्हटलं, 'आय यूज्ड टू टॉक.' मावशींना आलं होतं डेअर. त्यांनी पट्टी वाचली, साहेबांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, 'साहेब, आय डेअर. थर्टी वन इयर स्टँडिंग. नाऊ आय सिट.' व्याकरणाचं मी बघतच नव्हतो, मी डोळे मिटले होते. साहेबांनी विचारलं, एकतीस? मग म्हणाले, सोमवारपासून बसा वर. पाहुणे नाहीतरी बोटानेच दाखवतात.

ता. क. दुसरा, सोमवारी. तेव्हा नियमांचा कागद पाठवू नकोस. शिकवणी बंद झाली, पट्ट्या काढल्या, मावशी खिडकीशी खुर्चीत बसल्या आहेत. तुझ्यावाचून इथे कुणाचं काहीही अडलेलं नाही. तरी ये, ताई. चार दिवस राहायला ये.