मागचा डावा पाय

फादर, तुमच्या मुखेडजवळच्या वसतिगृहात मी माझ्या हातानं केलेलं सामान असं: पोरांना बसायला अठरा बाकं, स्वयंपाकघरातली मांडणी, पुस्तकांची दोन कपाटं, प्रार्थनेच्या खोलीचा दरवाजा चौकटीसकट, आणि या सगळ्यांच्या आधी केलेली बाभळीची एक खुर्ची. तुमच्यावर आता पुस्तिका निघाली आहे. तिच्यात लिहिलंय की सुतारकाम मला तुम्ही शिकवलं. तुम्हाला खिळा सरळ मारता येत नव्हता. मोडकी टेबलं उकलून, सांधे कसे बसवलेत ते बघून मी शिकलो. तुम्ही मला बाभळीच्या फळ्या दिल्या आणि वसईला गेल्यावर तुमच्या वडिलांचा पितळी पट्टीचा गुन्या आणून दिलात. काटकोन मी अजून त्यानंच तपासतो. एवढंच लिहायला हवं होतं.

ती खुर्ची मी तुमच्यासमोर ठेवतो. मी एकोणीस वर्षांचा. मागच्या डाव्या पायाचं कुसू, खाचेत शिरणारं टोक, मी जास्त तासलंय, ते सैल बसतंय. म्हणून फटीत भुसा आणि सरस भरून वरून पॉलिश मारलंय. तुम्ही बसता, थोडं डुलता, उठता आणि मोटारसायकलच्या किल्लीनं तो सांधा खरवडता. "हे काय?" मी म्हणतो, "लाकूडच हाय, फादर." "हे लाकूड? मग मी पोप." स्वयंपाकीण मावशी पदराआड हसतात. मग तुमचा आवाज चढतो. "सैल झालं तर सैल झालं म्हण. उद्या यावर कुणी म्हातारं माणूस बसंल, ते पडंल." 'बसंल, पडंल' हे तुम्ही आमच्यासारखं म्हणालात, तेव्हा मला त्याचा जास्त राग आला. आठ दिवस मी फिरकलो नाही. नवव्या दिवशी येऊन पाय नवा केला. तुमच्याकडून शिकलो ते एवढंच. ते सुतारकाम नाही.

अकरा वर्षं तुम्ही त्याच खुर्चीवर बसलात. आमच्या घरी येत होतात, बुद्धाच्या तसबिरीखाली बसून आईच्या हातची ज्वारीची भाकरी खात होतात, आणि धर्माचं कधी काढलं नाहीत. मग आफ्रिकेला जायचा हुकूम आला. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी आपण मांडणीपाशी बसलो होतो. तुम्ही ठेचा नुसता बोटानं चाटत होतात, भाकरी तशीच. म्हणालात, "मी वरच्यांना दोनदा लिहिलं, मला पाठवू नका. दोन्ही वेळा नाही म्हणाले." मी विचारलं, "भ्या वाटून राहिलं का, फादर?" तुम्ही म्हणालात, "हाव. लई."

चार वर्षांनी तिकडे बंदुकवाले मिशनच्या दवाखान्यावर चालून आले. बाकीचे गाडीत बसून निघाले. न हलवता येण्यासारखे सात आजारी होते, म्हणून तुम्ही थांबलात, आणि बंदुकवाल्यांनी तुम्हाला दाराशीच गोळ्या घातल्या. मला हे मुखेडच्या बसस्टँडवर तुमच्या वसतिगृहाच्या शाळेतल्या मास्तरांनी सांगितलं. मी लातूरची एस्टी सोडली आणि पुढची पकडली. दुसरं काय करायचं ते सुचलं नाही.

आता तुम्हाला संत ठरवायचं चाललंय. गेल्या महिन्यात तुमच्या स्मारक समितीचे एक गृहस्थ लातूरला माझ्या फर्निचरच्या कारखान्यात आले. तुम्हाला ओळखणाऱ्यांची साक्ष घेत होते. मी सगळं सांगितलं, ठेच्यापर्यंत. पंधरा दिवसांनी ते टाइप करून घेऊन आले, तर त्यात लिहिलेलं, 'ते हसतमुखाने व स्वेच्छेने गेले.' मी म्हणालो, "असं न्हाई झालं. त्यांना जायचं नव्हतं, अन् भ्या वाटत होतं." ते म्हणाले, "दादा, तेवढं गाळू. वाचणाऱ्याला ते बरं दिसत नाही." मी म्हणालो, "भ्यालेला माणूस सात आजाऱ्यांपाशी थांबला, हे बरं न्हाई दिसत?" त्यांनी बॅगेतून दुसरा कागद काढून पहिल्याशेजारी ठेवला. स्मारकाच्या दारांची ऑर्डर. "आधी इथं सही, मग इथं," म्हणाले. वाईट माणूस नव्हता. फट दिसली, ती बुजवत होता.

ते गेल्यावर बायको म्हणाली, "अव्हं, त्या फादरला काय फरक पडणार होता? मेलेल्या माणसाची भीती तुम्ही कशाला जपून राहिले?" जेवताना ती पुन्हा म्हणाली, "सागवान होतं म्हणं." मी मान हलवली.

तुम्हाला लिहिलेले हे कागद गुन्याच्या खणात राहतील. कुणाला दाखवायचे नाहीत, कारण एक गोष्ट मी तिलाही सांगितलेली नाही. सही करायला मी पेन उघडलं होतं. मला ते काम पाहिजे होतं. नऊ फुटी दोन दारं, जुनं सागवान, कोरीव चौकट. असं काम माझ्याकडे उभ्या आयुष्यात आलं नव्हतं आणि आता येणार नाही. मजुरी त्यांनी घासाघीस न करता कबूल केली होती, चार लाख ऐंशी हजार. मी पेनाला टोपण लावलं आणि नाही म्हणालो.